गाडीचं अ‍ॅव्हरेज एकदम उतरलं तर कुठून सुरुवात करायची

17.2, 16.9, 17.4 आणि त्याच्या पुढच्या चौकटीत 14.6. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाखाली मी पेट्रोलचा हिशेब लिहिते, त्यातले हे लागोपाठचे आकडे. गाडी तीच, चालवणारी मीच, इंदूरमधला लोकमान्य नगर ते विजय नगर हा रोजचा रस्ताही तोच. दोष सापडायला सात महिने लागले. सापडला तेव्हा कळलं, की पहिल्याच आठवड्यात डॅशबोर्डकडे नीट बघितलं असतं तरी तो ओळखता आला असता. नव्याने गाडी घेतलेल्यांना हा फेरा पडू नये, म्हणून काय बघायचं आणि कोणत्या क्रमाने बघायचं ते सविस्तर लिहिते आहे. गाडी पेट्रोलची आहे असं धरलंय. सीएनजीवाल्यांसाठी मध्ये दोन ओळी आहेत.

आधी आकडा खरा आहे का ते बघा

बरेचजण डॅशबोर्डवरचा अ‍ॅव्हरेजचा आकडा बघून घाबरतात. तो गाडीच्या कॉम्प्युटरचा अंदाज असतो, बहुतेक गाड्यांत जरा खुशीचाच असतो आणि बॅटरी काढून लावली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. महिन्यापूर्वी स्क्रीनवर 19 होते आणि आज हिशेबाने 16 आले, याला घट म्हणत नाहीत. तुलना करायची तर हिशेबाची हिशेबाशीच करायची.

हिशेब असा: टाकी फुल करा, पंपाचा नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडला की थांबा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. निदान 300 किलोमीटर चालवा. मग शक्यतो त्याच पंपावर, त्याच मशीनवर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. चाललेल्या किलोमीटरना आत्ता भरलेल्या लिटरनी भागा. पंपावरच्या मुलाला "राउंड फिगर कर दो" म्हणायची सवय असेल तर ती सोडा. दहा लिटरच्या भरण्यात एक लिटर पुढेमागे झालं तरी आकड्यात दहा टक्क्यांचा फरक पडतो, आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसता. शिवाय गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये शिरतं आणि तो खराब करतं. असे दोन हिशेब लागोपाठ कमी आले, तरच पुढे जा.

इंदूरच्या माणसाने एक गोष्ट खास लक्षात ठेवावी. आपलं शहर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. महेश्वरला किंवा ओंकारेश्वरला जाताना आपण घाट उतरून निमाडात जातो, येताना तीच उंची चढतो. जवळजवळ 400 मीटरची ती चढण लहान गाडीलासुद्धा अर्ध्या लिटरच्या आसपास जास्तीचं पेट्रोल प्यायला लावते. म्हणून जाताना 20 आणि येताना 16 आले तर गाडी बिघडलेली नाही. घाटाचा हिशेब नेहमी जाऊन-येऊन करायचा.

पंपाबद्दल शंका असेल तर मनात ठेवू नका. प्रत्येक पंपावर वजन-माप खात्याचा शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप असतं, आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात भरून दाखवावं लागतं. 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. फिल्टर पेपरही मागता येतो: पेट्रोलचा थेंब टाकला आणि उडून गेल्यावर डाग राहिला नाही तर भेसळीची शंका बऱ्यापैकी मिटते.

अलीकडे टायर बदलले असतील तर साइजही वाचा. 165/80 आर14 च्या जागी 175/80 आर14 बसवले, की चाकाचा घेर अडीच टक्क्यांनी वाढतो. गाडी 100 किलोमीटर चालते आणि मीटरवर साडेसत्त्याण्णव दिसतात. पेट्रोल तेवढंच जळतं, हिशेब मात्र कमी येतो. मोबाइलच्या नकाशावर मोजलेलं अंतर आणि ट्रिप मीटर ताडून बघितलं की हे लगेच कळतं.

मागच्या महिन्यात काय बदललं

आकडा खरा निघाला, तर आता वही घेऊन बसा. हळूहळू उतरलेलं अ‍ॅव्हरेज म्हणजे झीज. एकदम उतरलेलं म्हणजे काहीतरी घडलेलं आहे, आणि जे घडलं त्याला बहुधा तारीख असते. सर्व्हिसिंग झालं का? कोणी काही दुरुस्त केलं का? घरातलं दुसरं कोणी चालवायला लागलं का? मुलांची शाळा बदलली का? दीड-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन गरम होण्याआधीच आपण ते बंद करतो आणि गार इंजिन पेट्रोल जास्त खातं. रस्ता बदलला असेल तर तेही लिहा. मेट्रो आणि उड्डाणपुलांच्या कामांमुळे आपल्याकडे वळसे सारखे बदलतात, आणि उभ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज शून्य असतं.

एसीचा खर्च खरा आहे. एप्रिल-मेच्या इंदुरी उन्हात तो चांगलाच जाणवतो, म्हणून मेची तुलना मागच्या मेशी करा, जानेवारीशी नको.

आता इथेनॉल. सध्या अ‍ॅव्हरेजचा विषय निघाला की सगळं खापर त्याच्यावर फुटतं, म्हणून आकडे नीट समजून घ्या. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के आणि 10 टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा तीनेक टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातही 10 टक्क्यांसाठी बनवून 20 ला जुळवलेल्या चारचाकीत एक-दोन टक्के आणि त्याहून जुन्या बनावटीच्या गाडीत सहा-सात टक्के घट धरली आहे. या हिशेबाने 17 चे 16 होऊ शकतात. 17 चे साडेचौदा झाले, तर इथेनॉलच्या मागे दुसरं काहीतरी लपलेलं आहे. "आजकल पेट्रोल ही ऐसा आ रहा है" हे गॅरेजमधलं वाक्य ऐकून परत येऊ नका.

हवा, चाकं, ब्रेक

टायरमधली हवा सकाळी, गाडी निघायच्या आधी तपासायची. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो बघून हवा भरू नका. हवामान पाच-सहा अंशांनी गार झालं की साधारण एक पीएसआय (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) उतरतो, म्हणून दिवाळीनंतर एकदा तपासायलाच हवी. पण चारही टायर तीन-चार पीएसआय कमी असले तरी अ‍ॅव्हरेज एखाद्या टक्क्यानेच उतरतं. हवा भरून अडीच किलोमीटरची घट भरून निघणार नाही. एखाद्याच टायरमध्ये 20 च्या खाली आली असेल, तर तो पंक्चरचा मामला आहे. अ‍ॅव्हरेजचं नंतर बघू, आधी टायरवाल्याकडे जा.

पावसाळ्यात खड्ड्यात जोरात आपटली असेल, तर अलाइनमेंट बघा. पुढच्या टायरवरून तळवा आडवा फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं, तर चाकं तिरपी झाली आहेत आणि टायर पुढे जाता जाता रस्त्यावर घासला जातोय. यात पेट्रोलपेक्षा टायरचं नुकसान मोठं.

ब्रेक धरून राहणं हे एकदम उतरलेल्या अ‍ॅव्हरेजचं फार मोठं कारण आहे आणि घरच्या घरी कळतं. सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा आणि कोणालातरी ढकलायला सांगा. लहान गाडी एका माणसाने सरकायला हवी. नंतर बायपाससारख्या मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक मारत चालवा, हळूच बाजूला थांबवा आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ तळहात धरा. डिस्कला हात लावायचा नाही, भाजतं. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणारच. तुलना डाव्या-उजव्याची करायची. एकाच चाकातून तव्यासारखी धग येत असेल, तर त्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड आवळणारा भाग, किंवा त्याची पिन अडकली आहे. धुतलेली गाडी हँडब्रेक ओढून चार दिवस उभी ठेवली की मागच्या ड्रममध्येही असंच होतं. सर्व्हिसिंगमध्ये हँडब्रेक जास्त आवळला गेला असेल तरी तेच. आणि जळका वास येत असेल तर तशीच गाडी चालवत राहू नका.

इंजिन पुरेसं गरम होतंय का

हा भाग मी लांबवणार आहे, कारण माझे सात महिने इथेच गेले.

मे महिन्यात उज्जैनहून येताना सांवेरजवळ गाडीचा कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा) होज पाइप फुटला. रस्त्यालगतच्या एका मिस्त्रीने तासाभरात नवा पाइप टाकला, पाणी भरलं आणि हातातला एक लहानसा पितळी तुकडा दाखवत म्हणाला, "मॅडम, ये वॉल निकाल दिया है, अब गाड़ी कभी गरम नहीं होगी." उन्हात रस्त्यावर अडकलेल्या माणसाला याहून गोड वाक्य कुठलं? मी त्याचे आभार मानले.

तो तुकडा म्हणजे थर्मोस्टॅट. त्याच्या पोटात मेण असतं. इंजिन गार असतं तेव्हा तो झडप मिटून ठेवतो आणि कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन पटकन तापतं. बऱ्याच गाड्यांत 80-85 अंशांच्या आसपास मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि थंड करण्याचं काम सुरू होतं. तो काढून टाकला की कूलंट पहिल्या सेकंदापासून रेडिएटरमधून फिरतो आणि इंजिन धड तापतच नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं, अजून सकाळचीच वेळ आहे. तो थंड इंजिनाला लागतं तसं जास्त पेट्रोल सोडत राहतो. ऑइल घट्ट राहतं, घर्षण वाढतं, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. हे सगळं घडत असताना गाडी अगदी व्यवस्थित चालते. म्हणूनच शंका येत नाही.

जूनपर्यंत आम्ही एसीला दोष दिला. पावसाळ्यात ट्रॅफिकला. मधल्या काळात नवा एअर फिल्टर आला, थ्रॉटल बॉडी साफ झाली, इंजेक्टर साफ करण्याचं बिलही भरलं. आकडा 14.5 च्या आसपासच. मग डिसेंबरात एका पहाटे सासूबाईंना खजराना गणपतीला नेत होते. त्यांना गारठा सोसत नाही म्हणून हीटर लावला. पलासिया आलं तरी वारा गारच. त्या शालीत हात लपवत म्हणाल्या, "अगं, हे पंखाच लागलाय की काय?" आणि मी डॅशबोर्डकडे बघितलं, तर गार इंजिनाचा निळा दिवा अजून चालूच होता. घरापासून सहाएक किलोमीटर झाले होते.

हीटरची गरम हवा इंजिनाच्याच उष्णतेतून येते. हीटर गार, म्हणजे इंजिन गार.

तुम्ही हे असं तपासा. गाडीत तापमानाचा काटा असेल, तर शहरात दहा-पंधरा मिनिटांत तो मधल्या खुणेजवळ येऊन स्थिर व्हायला हवा. फक्त निळा दिवा असेल, तर तो साधारण पाच मिनिटांत विझावा. हायवेवर काटा खाली आणि सिग्नलला पुन्हा वर, असा झोका घेत असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा जागेवर नाही. दुसरी परीक्षा बोनेट उघडून: रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करा आणि रेडिएटरला वरून जाणाऱ्या जाड पाइपला हात लावा. बहुतेक गाड्यांत तो पहिली काही मिनिटं गार राहतो आणि मग अचानक तापतो. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर झडप मिटलेलीच नव्हती. पंखा कधीही आपोआप सुरू होतो, तेव्हा ओढणी, बाही, केस लांब ठेवा. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण तर कधीच उघडू नका.

जुना थर्मोस्टॅट हाती आला, तर नुसता डोळ्यांनी बघा. गार असताना झडपेत फट दिसली, तर तो गेला. नवा बसवण्याआधी मी तो टाकाऊ पातेल्यात दोऱ्याने टांगून पाण्यात उकळला. पाणी उकळायच्या आधीच झडप संथपणे उघडली, गॅस बंद केल्यावर मिटली. वॉल, गॅस्केट, कूलंट आणि मजुरी मिळून दोन हजारांच्या आत काम झालं. महिन्याला हजार किलोमीटरच्या आमच्या वापरात तोवर सत्तरएक लिटर पेट्रोल जास्तीचं जळून गेलं होतं.

आपल्याकडे उन्हाळा कडक म्हणून वॉल काढून टाकायची पद्धत अजून आहे, आणि काढणारा भलं करतोय असं समजूनच काढतो. गाडी वारंवार तापत असेल, तर पंखा, वॉटर पंप, तुंबलेला रेडिएटर यांपैकी काहीतरी बिघडलंय. वापरलेली गाडी घेतली असेल तर थर्मोस्टॅट जागेवर आहे का, हे विचाराच.

सीएनजीच्या बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन तापल्यावर गॅसवर जातात. थर्मोस्टॅट गेला की त्या बराच वेळ पेट्रोलवरच धावतात. सीएनजीचा हिशेब ठीक आणि पेट्रोलचा काटा मात्र भराभर खाली, असं असेल तर आधी हेच बघा.

स्कॅनर काय सांगतो

एप्रिल 2013 नंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि दोष वाचायचा, सॉकेट असतो. त्यात बसणारा ब्लूटूथचा स्कॅनर स्वस्त मिळतो, मोबाइलवर आकडे दिसतात. आमच्या भाच्याने त्याचा लावून दिला, तर बायपासवर वीस किलोमीटरनंतरही कूलंट 62 अंश. नवा वॉल बसवल्यावर 88 ला जाऊन तिथेच टिकला.

तापमान ठीक असेल, तर लाँग टर्म फ्युएल ट्रिम नावाचा आकडा बघा. कॉम्प्युटरला ठरलेल्या मापापेक्षा पेट्रोल किती वाढवावं किंवा घटवावं लागतंय, ते तो सांगतो. उणे दहा ते अधिक दहाच्या आत असेल तर ठीक. उणे पंधराच्या पुढे असेल, तर कुठूनतरी जास्त पेट्रोल येतंय, म्हणजे गळका इंजेक्टर किंवा चुकीचं सांगणारा सेन्सर. अधिक वीस असेल, तर हवा कुठूनतरी चोरवाटेने आत शिरतेय, पेट्रोलचा दाब कमी पडतोय किंवा ऑक्सिजन सेन्सर खोटं बोलतोय. एरर कोडमध्ये पी0128 दिसला तर थर्मोस्टॅट, पी0172 म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त, पी0300 म्हणजे मिसफायर, सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं. कोड दिसला म्हणून तोच पार्ट बदलायचा नसतो. आधी त्याची वायर बघा. पावसाळ्यात उंदीर बोनेटमध्ये येतात आणि सेन्सरच्या वायरी कुरतडतात. एअर फिल्टरच्या डब्यात शेंगांची टरफलं सापडली, तर पाहुणा कोण ते समजलंच.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र स्कॅनरची वाट बघत गाडी पळवू नका. मिसफायर चालू असतो आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधला, धूर स्वच्छ करणारा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

उरलेली कारणं

एअर फिल्टर हा सगळ्यांचा लाडका संशयित, पण आजच्या इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो. तुंबलेल्या फिल्टरने पिकअप मरतो, अ‍ॅव्हरेज फारसं उतरत नाही. प्लग काढून बघा: टोक फिकट तपकिरी असेल तर उत्तम, काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जळतंय, तेलकट ओला असेल तर इंजिनाचं काम निघेल. क्लच घसरतोय का ते खंडवा रोडच्या भेरूघाटात कळतं; चढावर एक्सलेटर दाबल्यावर आरपीएम वर जातो आणि वेग तिथेच राहतो. आणि गाडीभोवती पेट्रोलचा वास येत असेल, तर बाकीचं सगळं सोडा, गाडी सुरू करू नका आणि मिस्त्रीला घरी बोलवा.

मिस्त्रीशी बोलताना

"अ‍ॅव्हरेज नहीं दे रही" एवढंच सांगितलं तर उत्तरादाखल प्लग, फिल्टर आणि इंजेक्टरची सफाई मिळते. त्याऐवजी कालनिर्णयचा फोटो दाखवा: अमुक तारखेपर्यंत 17, नंतर साडेचौदा, मध्ये होज पाइप बदलला, चारही चाकं सारखीच गरम, हवा 33. चांगला मिस्त्री एवढं ऐकून निम्मं निदान उभ्या उभ्या करतो. आमच्या नेहमीच्या मिस्त्रीला मी होज पाइपची तारीख सात महिने सांगितलीच नव्हती. सांगितली, तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "वॉल है क्या उसमें?"

एका वेळी एकच काम करून घ्या, जुना पार्ट मागून घरी आणा, आणि प्रत्येक कामानंतर पुन्हा दोन टाक्यांचा हिशेब करा. आमचा जानेवारीतला पहिला 16.8 आला, दुसरा 17.1.